मढच्या म्हशीचे इंग्रजी

माझ्या थोरल्या साडूंइतका आज्ञाधारक विद्यार्थी मला अध्यापनाच्या साऱ्या कारकिर्दीत लाभला नाही, आणि असा दुसरा लाभू नये अशीच माझी प्रार्थना आहे. परदेशात वाढलेली, केवळ इंग्रजी बोलणारी नात सुट्टीत त्यांच्या गावी, मढला येणार असे कळताच ते एसटीने जुन्नरला माझ्याकडे आले. "गुरुजी, पोरगी पहिल्यांदाच घरी येतीय. आजोबा मुका हाय असं तिला वाटाया नको," एवढेच त्यांचे मागणे होते. मी क्रमाने समजावले : इंग्रजी क्रियापदामागे अप, ऑफ, आउट असे छोटे शब्द जोडले की त्याचा अर्थ पालटतो, या जोड्या नुसत्या पाठ करू नयेत, रोजच्या वाक्यांत वापराव्यात. "म्हंजी शेपूट पिरगाळलं की म्हैस वळती, तसंच," ते म्हणाले. उपमा वर्गात सांगण्याजोगी नव्हती. अचूक मात्र होती.

माझी सूचना त्यांनी तंतोतंत पाळली. 'टर्न ऑफ' वापरता यावे म्हणून विहिरीवरची मोटर ते दिवसभर बंद करत राहिले. "एका वाक्यापायी माजी मेथी वाळवली!" असे अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, साऱ्या आळीला ऐकवले. एसटीच्या दारात उभे राहून ते प्रत्येक उतारूला 'गेट ऑन', 'गेट ऑफ' सांगू लागले, तेव्हा कंडक्टर वैतागून म्हणाला, "भाऊ, एक तर गप बसा, न्हाईतर घंटी बी तुमीच वाजवा." साडूंनी घंटी वाजवली. पुढे माणसे त्यांना टाळू लागली आणि श्रोत्यांत एकटी म्हैस उरली. पहाटे 'गेट अप', दुपारी 'लाय डाउन', वैरण टाकताना 'ईट अप'. हळूहळू ती मराठीतल्या "ऊठ"ला कानही हलवेनाशी झाली.

नात आली. साडूंचे सारे इंग्रजी घशातच राहिले. ते नुसते हसत, आणि ती आईच्या मागे लपे. एके सकाळी मात्र तिने गोठ्यात डोकावून गंमत म्हणून "गेट अप!" म्हटले. म्हैस ताडकन उठली. "आजोबा! आजोबा!" पोर टाळ्या पिटत ओरडली. मग सुट्टी संपेपर्यंत दोघे गोठ्यातच. एकमेकांशी एक वाक्यही नाही. जे काही बोलायचे ते म्हशीशी.

आता दर रविवारी नातीचा फोन येतो आणि साडू तो म्हशीच्या कानाला लावतात. परवा मी तिथे होतो. फोनमधून "गेट अप!" आले, म्हैस उठली, पलीकडून हसू ऐकू आले.

"गुरुजी," साडू हळूच म्हणाले, "'कम बॅक' मी कवाच शिकलोय. पण हिला म्हनायची येळच येत न्हाई. ही कुटं जाती?"

फोन चालूच होता. त्यांनी तो म्हशीच्या कानापासून आपल्या तोंडाजवळ आणला, पण नजर म्हशीवरच ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "कम बॅक."

उच्चार निर्दोष होता. खुंट्याला बांधलेली म्हैस गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिली.