शंकरच्या दोन दातांचं माप

आमच्या बटालियनची पोस्टिंग उत्तर सीमेवर होती. मी सिग्नल प्लाटूनचा हवालदार. मुख्यालयापासून डोंगरावरच्या पोस्टपर्यंत टेलिफोनची तार चालू ठेवायची, तुटली की टोकं सोलून जोडायची, हे आमचं काम. सोलायला प्रत्येकाला कटर मिळतो. पण थंडीत बोटं वळत नाहीत, म्हणून लाइनमन सर्रास दात लावतात. साहेब लोक ओरडायचे, आम्ही मान डोलवायचो आणि पुन्हा दातच लावायचो.

लान्स नायक शंकर चाकणजवळच्या खेड्यातला. त्याचे वरचे दोन दात याच खोडीपायी झिजून अर्धे तुटले होते. लग्न ठरलं आणि पठ्ठ्याने दात मनावर घेतले. सैन्याच्या दवाखान्यात फुकट झालं असतं, पण नंबर लागेपर्यंत लग्नाची तारीख उलटली असती. सुट्टीत त्याने चाकणचा डॉक्टर गाठला. खुंट तासून माप दिलं, निम्मे पैसे भरले. खुंटांवरच्या कॅप, म्हणजे नवे दात, पुढच्या सुट्टीत बसायचे होते.

"एवढ्या पैशांत मोटारसायकलचं डाउन पेमेंट झालं असतं," मी म्हणालो.

"मोटारसायकल आज हाय, उद्या न्हाई. त्वांड जलमभर दाखवायचंय, उस्ताद. फकस्त ह्या खुंटांना धक्का नको. माप चुकलं की समदं पैसं पाण्यात."

तेव्हापासून तो चपातीही चहात बुडवून खायचा. आम्ही त्याला नवरदेव म्हणून छळायचो.

एके दुपारी शेलिंग सुरू झालं. वरच्या पोस्टचा रेडिओ पहिल्याच गोळ्यात गेला. टेलिफोनवर एवढंच ऐकू आलं, "दो कॅज्युअल्टी, खून बहुत..." आणि आवाज तुटला. कोणती वाट माऱ्याखाली आहे हे पोस्टवरून कळल्याशिवाय स्ट्रेचर पार्टी निघू शकत नव्हती.

"लाइन डेड है. लाइन पार्टी निकालो," सुभेदारसाहेब म्हणाले.

मी आणि शंकर निघालो. तार एका उभ्या उतारावर तुटली होती. मी वर दगडाला पाय लावून तिचं वरचं टोक दोन्ही हातांनी खाली ताणून धरलं. खाली शंकर जोडायला बसला. त्याच्या बधिर बोटांतून कटर निसटला आणि दरीत गेला.

"वर ये, माझ्या पट्ट्यातला घे!"

त्याने मधल्या उघड्या उताराकडे पाहिलं. "येळ न्हाई."

"शंकर, दात लावू नको!"

"वर दोघांचं रगात चाललंय, उस्ताद."

तो वाकला. मान झटकून थुंकला, ते लाल होतं. पुन्हा वाकला. टोकं पिळली, सोबत आणलेला फोन तारेला जोडला.

"हॅलो, पोस्ट! ऐकू येतंय? लाइन थ्रू!"

पुढचा गोळा त्याच्याजवळ पडला. मी उठलो. तो उठला नाही.

दोन्ही जखमी जिवंत खाली आले. त्यातला एक अजून दर दिवाळीला फोन करतो.

शंकर गेला त्याच वर्षी सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने छोटी डबी उघडून माझ्या हातात दिली. आत दोन दात होते, पांढरेशुभ्र.

"डाक्टर पैसं माघारी देत व्हता," ती म्हणाली. "म्या उरल्यालं बी भरलं आन् घेऊन आले. माझ्या लेकाच्या मापाचं हायेत. साहेब, त्याला नीट बसलं असतं न्हवं?"

मी डबी तिच्या हातात परत दिली.

"बसले असते, मावशी. अगदी बरोबर बसले असते."