हाक्याच्या दुपारी ऐकलेलं क्रियापद

होळीआधीच्या बाजारदिवशी, भर दुपारी, मोलगीच्या वरच्या रानात एका भिल्ल माणसाचा जीव घेतला गेला. मी मॅट्रिकला होतो, ते साल. वाघाने मारलं असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, हाक्याने मारलं. हाका म्हणजे काय, तर साहेबाच्या बंदुकीसमोर जनावर यावं म्हणून माणसांनी रांग धरून, ओरडत, डबे बडवत रान उठवायचं. मजुरी नाही. नुसती वेठ.

त्याच महिन्यात मास्तर आम्हाला वर्गात ‘रोअर’ हे इंग्रजी क्रियापद शिकवत होते. वाघ रोअर करतो. समुद्र करतो, वादळ करतं, भडकलेली आग करते, मोठ्याने हसणारी मंडळीही करतात. समुद्र कोणी पाहिला नव्हता, आम्ही तापीच्या पुरावर भागवलं.

“मास्तर, मन्हा बाप रोअर करस, चाली का?” मागून एकाने विचारलं.

“चाली. पण तुन्हा बापले सांगू नको.”

सगळा वर्ग खिदळला. एवढ्या इंग्रजीवर मास्तरांनी मला शिकारीला आलेल्या गोऱ्या साहेबाचा दुभाषा म्हणून डोंगरात धाडलं.

जीव गेलेला तो माणूस धाकट्या भावाबरोबर होळीच्या बाजाराला आला होता. जंगलखात्याच्या शिपायाने दोघांना हाक्यासाठी बाजारातूनच उचललं. साहेब म्हणाला, रांगेतला आवाज थांबता कामा नये. जिथे थांबेल तिथून वाघ मागे फुटतो. मी ते मराठीत सांगितलं. शिपायाने भिलीत सांगितलं आणि पदरची भर घातली: जो थांबेल त्याला फटके.

मी साहेबाबरोबर मचाणावर होतो. गोळी लागली, पण वाघ पडला नाही. तो डरकाळला, तसं मचाण पायाखाली थरथरलं. मग तो वळून सरळ रांगेत घुसला. रांग ओरडतच राहिली. हुकूमच तसा होता. माणसं मचाणाखाली पोचली तेव्हा एक कमी होता. धाकटा भाऊ हातातला डबा न टाकता मागे पळाला. नाल्यात सापडला थोरला, मेलेला.

संध्याकाळी तंबूपुढे शेकोटी धडधडत होती आणि साहेब लोक कशावरून तरी पोट धरून हसत होते. दोन्हींना तेच क्रियापद. मास्तरांनी चोख शिकवलं होतं.

सकाळी मेलेल्याची बायको आली. तिने काही मागितलं नाही. दिराला काहीतरी विचारलं, ते त्याने मला तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं.

“ही इचारते, तो वरडला का? काय वरडला?”

“तू तर बाजूलाच होतास ना?”

“बाजूलाच. पन मी डबा बडवत होतो. तोंडानं बी वरडत होतो. तुमी उंच होते. तुमी आयकलं?”

“नाही.”

“सायबाला इचारा.”

विचारलं. वाघाखेरीज काही ऐकू आलं नाही, असं तो म्हणाला आणि चहा मागवला. मी दिराकरवी तिला तसंच सांगितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, दिराकडे बघत होती. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नाही. एका चुलीवरचं घर, आणि बोलणं बंद. तिचा राग चुकीच्या माणसावर आहे, हे तिला जाऊन सांगायची माझी दोनदा तयारी झाली. दोन्ही वेळा पाड्याच्या अलीकडून परतलो. काय सांगणार? ती विचारते त्याचं उत्तर कोणाकडेच नाही.

आता मी या वेठीविरुद्ध सभा भरवतो, पत्रकं वाटतो. लोक घोषणा द्यायला लागले की वाटतं, या गदारोळाखाली कोणी एकटा ओरडत असेल, आणि त्याचा सख्खा भाऊ शेजारी उभा राहून घोषणा देत असेल. मी हात वर करून सगळ्यांना गप्प करतो. कार्यकर्ते चिडतात. ऐकू काहीच येत नाही.

सपाटीवरच्या शेतकऱ्यांनो, हे पत्रक तुमच्यासाठी. साहेबाचं शिकारीचं सामान डोंगराच्या पायथ्याशी तुमच्या गाड्यांतून जातं. या हिवाळ्यात चावडीवर पुन्हा गाड्यांचा हुकूम येईल. बैल जुंपू नका. पाटलाच्या तोंडावर सांगा: हाक्याला आमची गाडी मिळणार नाही.