चाळणीवर राहिलेले खडे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या घरी दारात उभी राहून भाजीवाल्याशी घासाघीस करत होते. "वन्सं… हे गेले हो," एवढंच ती म्हणाली आणि पुढे नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, गेला होता. मी हातातली मेथीची जुडी तशीच धरून आत आले आणि खुर्चीवर बसले. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहायचं म्हणूनच हा लेख लिहायला घेतलाय. वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. अण्णाला माझ्या धाकट्या दिराला, परशरामभावजींना, एक गोष्ट सांगायची होती आणि मी ती आज नको, उद्या नको करत लांबवत आले होते. आता ती सांगायला तो उरलाच नव्हता. बेळगावच्या गाडीत बसल्यावर रडू आलं, भरपूर आलं, पण पहिला क्षण तो पहिलाच.

अण्णा माती सर्वेक्षणाच्या खात्यात नोकरीला होता. लोकांना हे सांगितलं की लोक म्हणत, मातीचं काय सर्वेक्षण करायचं, माती ती माती. अण्णा अशा माणसाकडे जरा कीव केल्यासारखं बघायचा. माझं स्थळ बघायला तो बेळगुंदीच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या माझ्या सासरी गेला होता. परत आल्यावर आईनं विचारलं, मुलगा कसा आहे? तर म्हणाला, "मुलगा बरा आहे गं, पण परड्यातली माती काय सुरेख आहे!" पुढची कितीतरी वर्षं आमचे हे त्यावरून मला चिडवायचे, तुझ्या भावानं तुला मातीशी लग्न लावून दिलंय म्हणून. कुठंही गेला तरी चिमूटभर माती उचलायची, थुंकीनं ओली करायची आणि बोटांत चोळून बघायची ही अण्णाची खोड. लग्नाच्या मांडवातसुद्धा. मग तीच बोटं धोतराला पुसायचा आणि वहिनी कपाळाला हात लावायची.

त्याच्या कामाची रीत त्यानं मला अनेकदा समजावली होती. शेतात माणूसभर खोल खड्डा घ्यायचा. खड्ड्याच्या भिंतीत मातीचे थर दिसतात. प्रत्येक थरातली माती पिशवीत भरून आणायची, सावलीत पसरून वाळवायची, लाकडी हातोडीनं कुटायची आणि बारीक चाळणीतून चाळायची. चाळणीतून खाली पडते ती माती. वर राहतात ते खडे. खड्यांचं फक्त वजन करायचं आणि ते टाकून द्यायचे. पाणी किती धरते, कस किती आहे, सगळ्या तपासण्या खालच्या बारीक मातीच्या. खडे जितके जास्त तितकी जमीन हलकी, तितका तिचा वर्ग खालचा. सगळीकडे असंच करतात, पुस्तकात असंच लिहिलंय, आणि अण्णा पुस्तकाबाहेर पाऊल टाकणारा माणूस नव्हता.

माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या खोऱ्यात तळं बांधायचं ठरत होतं. त्याआधी खालची जमीन भिजवण्याजोगी आहे का ते बघायला खात्याकडून माणूस यायचा होता, आणि तो निघाला अण्णा. गावात काय आनंद! "वैनीचा भाऊच सायेब हाय म्हनल्यावर आता तळं झालंच म्हनायचं," असं परशरामभावजी जो भेटेल त्याला सांगत सुटले. ते तेव्हा ऐन उमेदीत होते. पाणी आलं की खालच्या पट्ट्यात दोन हंगाम बटाटे, मग रताळी, सगळं त्यांच्या डोक्यात मांडून तयार होतं. खड्डे काढायला तेच अण्णाबरोबर उन्हात राबले. दुपारी घरी जेवण. सासूबाईंनी पाहुण्याला वाढायचं म्हणून कोंबडं कापलं, भावजी स्वतः वाढायला उभे. आणि मी… मला काय सुचलं कोण जाणे, सगळ्यांदेखत मोठ्या ऐटीत मी अण्णाला म्हणाले, "माझ्या सासरची जमीन आहे म्हणून झुकतं माप देऊ नकोस हं. उद्या लोक नावं ठेवतील." सगळे हसले. अण्णाही हसला. माझा भाऊ कसा सचोटीचा, हे मला सासरी मिरवायचं होतं, बाकी काही नाही.

नमुने तपासल्यावर आमच्या जमिनीतल्या खड्यांचं प्रमाण दोन वर्गांच्या मधोमध आलं. वरचा वर्ग लिहिला असता तरी चाललं असतं, खालचा लिहिला तरी चाललं असतं. अशा वेळी निर्णय सर्वेक्षकाचा. दुसऱ्या कुणाचं शेत असतं तर अण्णानं वरचा वर्ग दिला असता, हे त्यानंच मला पुढे सांगितलं. बहिणीच्या सासरचं म्हणून त्यानं खालचा दिला. जमीन खडकाळ, पाणी धरत नाही. तळं डोंगरापलीकडच्या खोऱ्यात गेलं. परशरामभावजी बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, लागले. पहाटे मोटरसायकल काढायची, दिवसभर साच्याची वाळू चाळायची, अंधार पडता परत यायचं. अण्णाला ते कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. जत्रेला अण्णा आला की पाण्याचा तांब्या पुढे ठेवायचे आणि गोठ्याकडे निघून जायचे. त्याच्याबरोबर पंगतीला मात्र परत कधी बसले नाहीत.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना अण्णाला एका प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं. तिथल्या डोंगरदऱ्यांत ज्वालामुखीच्या राखेची माती असते. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. आमच्याकडे निपाणीला आला आणि चहा थंड होईपर्यंत बोलत राहिला. ती माती म्हणे काळीभोर आणि इतकी हलकी की पिशवी उचलली तर रिकामी वाटावी. चिमटीत दाबली की आतून पाणी सुटतं आणि साबणासारखी बोटांतून निसटते. "आणि गंमत सांगू? ती एकदा पूर्ण वाळली की परत पहिल्यासारखी भिजतच नाही. म्हणून ती लोकं ओलीच तपासतात. आपण आधी वाळवतो, मग विचारतो पाणी किती धरतेस!" त्या मातीतल्या खड्यांना आतून बारीक भोकं असतात, त्यांत पाणी मुरून राहतं आणि पिकाची मुळं थेट खड्यात शिरतात. तिथे वर्ग ठरवताना खडेसुद्धा मोजणीत धरतात. हे सांगता सांगता त्यानं थंड चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाला, "तुमच्या शेतातले खडे एकदा आणून देशील?"

मी आणून दिले. भावजींना सांगितलं, कुंड्यांत घालायला पाहिजेत. अण्णानं गच्चीवर वाट्यांत पाणी भरून ते भिजत घातले, पुसून वजन केलं, उन्हात ठेवून परत वजन केलं. वहिनी म्हणायची, या वयात लोक नातवंडं खेळवतात, आमच्याकडे दगडांना आंघोळ चाललीय. आपल्याकडे राख नाही, लाव्हाचा दगड, हे अण्णाला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्या खोऱ्यातला तो दगड घाटाच्या पावसानं इतका कुजला होता की नखानं कोरता यावा. एक खडा फोडून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. वरून कोरडा ठणठणीत, आतून ओला. "हे मी टाकून दिले गं," अण्णा म्हणाला. "जमिनीचं अर्धं पाणी चाळणीवर होतं आणि मी ते बाहेर फेकून दिलं. आणि तेवढ्यावर भागलं नाही. तराजू मधोमध असताना मीच तो खाली ढकलला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "परशरामला हे सांगायला पाहिजे. मी गावाला येतो."

तिथून माझं नको नको सुरू झालं. पहिल्यांदा म्हटलं, आता तळं काय परत येणार आहे, कशाला जुनं उकरतोस. मग शेजारच्या गावची जत्रा होती, मग पुतणीचं लग्न, मग भावजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन. अण्णा दर वेळी विचारायचा आणि मी दर वेळी काहीतरी पुढे करायची. एकदा तो चिडून म्हणाला, "तुला त्रास काय आहे नेमका?" मी म्हटलं, तू म्हातारपणी कुणापुढे मान खाली घातलेली मला बघवणार नाही. खोटं होतं ते. अण्णा बोलायला लागला की सगळं सांगणार, जेवताना मी काय म्हणाले होते तेही सांगणार, आणि मला त्याच सासरी सून म्हणून वावरायचं होतं. शेवटचं भेटले तेव्हा तो पलंगावर पडून होता, आवाज खोल गेला होता. म्हणाला, "दिवाळीनंतर जाऊया?" मी म्हटलं, "तू बरा हो आधी, मग बघू." त्यानं मान हलवली. त्याला पटलं म्हणून हलवली की कंटाळून, हे मला आता कधीच कळणार नाही.

अण्णाचे दिवस होऊन काही आठवडे गेल्यावर मी गावाला गेले. भावजी आता कामावरून सुटलेत, थोडीफार रताळी करतात. खालच्या पट्ट्यात ते वेलाखालची माती खुरप्यानं भुसभुशीत करत होते. मी बांधावर बसले आणि सांगून टाकलं. खड्यांचं सांगितलं, दोन वर्गांचं सांगितलं, माझ्या बोलण्याचं सांगितलं, आणि अण्णा यायचं म्हणत होता व मी त्याला येऊ दिलं नाही हेही सांगितलं. त्यांचं खुरपं चालू होतं. माझं संपल्यावर त्यांनी ते मातीत रोवलं आणि हात झटकले.

"म्हंजे त्यो येनार हुता?" त्यांनी विचारलं.

"होय."

"कवा?"

"गेली कितीतरी वर्षं म्हणत होता, भावजी."

त्यांनी खुरपं उपटून त्याची माती अंगठ्यानं पुसली. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी बी त्याच्याशी बोलायचं म्हनत हुतो," ते म्हणाले. "तळ्याचं काय, ते गेलं ते गेलं. पन मानूस एवढा उन्हात राबला, माझ्यासंगट एका भांड्यातनं पानी प्याला, आनि मी त्याला जत्रेत एकदा जेवलास का इचारलं न्हाय. म्हनलं, त्यो एक शबुद बोलला की आपन दोन बोलू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, अगदी साध्या आवाजात, रागाचा लवलेश नाही, "तुमी म्हनलासा झुकतं माप नगो, त्येनं खालचं लिवलं. तुमी म्हनलासा येऊ नगो, त्यो आला न्हाय. लई ऐकायचा बगा वैनी तुमचं."

परतीच्या वाटेवर बेळगावात वहिनीकडे उतरले. तिनं अण्णाची खोली रिकामी करायला घेतली होती. पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला, भिंतीवर डोकं टेकून बसायच्या जागी तेलाचा गोल डाग. "रंगवून घ्यावी म्हणते," वहिनी म्हणाली. "पोरगा म्हणतोय पांढरा दे, मला वाटतंय फिका पिवळा द्यावा. तुम्ही सांगा वन्सं. हे असते तर त्यांनीही म्हटलं असतं, आधी तिला विचार." ती खरोखरच उत्तराची वाट बघत उभी राहिली, हातात रंगाचं कार्ड घेऊन. मी त्या डागाकडे बघत होते. आयुष्यभर कुणीही विचारलं की माझं मत जिभेवर तयार असायचं.

"तुला हवा तो दे, वहिनी," मी म्हटलं. "मला विचारू नकोस."