काल्याच्या दिवशीचं विमान

गावातून पायलट झालेली प्रेरणा एकटीच, आणि त्याबद्दल गावानं तिला तीन वर्षं सुखानं भाकर खाऊ दिली नव्हती. परवाना मिळाला तेव्हा बसस्टँडवर मोठा फलक लागला. त्यावर सरपंचापासून उपसरपंचाच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचे फोटो, आणि कोपऱ्यात हिचा. पुढं मोठ्या कंपनीत नोकरी लागेना, तसा तोच फलक कुणीतरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून टाकला. ती शेजारच्या जिल्ह्यातल्या एका फ्लाइंग क्लबात पोरांना शिकवायची. विमान एका इंजिनाचं, चार सीटचं, वयानं तिच्यापेक्षा थोरलं. गावाच्या लेखी ते विमानच नव्हतं. "काय व पायलटीण, इमान कुठी लावलं?" असं हापशावरच्या बायाही विचारून घ्यायच्या.

देऊळघाटाच्या अलीकडं, डोंगराला पाठ लावून बसलेलं हे गाव. मागल्या साली शेजारच्या गावानं सप्ताहात, काल्याच्या कीर्तनाला, हेलिकॉप्टरनं फुलं टाकली आणि इथल्या सप्ताह समितीचे अध्यक्ष माणिकराव यांचं जेवण गोड लागेना. यंदा त्यांना अचानक आठवलं की पोरगी आपल्याच गावची आहे. प्रेरणानंही हो म्हटलं. एकदा सगळ्या गावाच्या डोक्यावरून नीट फुलं टाकून गेलं की ही तोंडं कायमची बंद होतील, एवढाच तिचा हिशेब होता.

तिनं तयारी मन लावून केली. उन्हानं हवा पातळ होते, विमान जड माणसासारखं धापा टाकतं. म्हणून पेट्रोल निम्मंच भरलं, कोरड्या पाकळ्यांची तीन पोती ठरवली, आणि फुलं टाकायला शेजारच्या सीटवर चुलतबहीण अश्विनी, जी वाऱ्यानं उडेल अशी. त्या बाजूचं दारही काढून ठेवलं.

त्या दिवशी अकरालाच पारा एकेचाळिसावर गेला. गावाहून फुलं घेऊन जीप धावपट्टीवर आली, पण अश्विनी आली नाही. माणिकराव उतरले. धोतर, फेटा आणि शंभर किलोचा ऐवज.

"देवाचं काम हाय. पोट्ट्यायच्या हातानं नाही होत," ते म्हणाले आणि पोट्टीनं चालवायच्या विमानात जाऊन बसले.

प्रेरणानं विमानात चढवलेलं पोतं उचलून पाहिलं. ते ठरल्याच्या दुप्पट जड लागलं.

"फुलं वल्ली काऊन हायेत?"

"तुह्या मायनं सकाळधरनं पाणी मारलं. सुकेल फूल देवाले चालते का?"

आई, बनाबाई, भाजीच्या जुड्या बांधून विकणारी बाई. पाणी मारल्याशिवाय तिच्या हातून काही घराबाहेर जात नसे. प्रेरणानं एक पोतं खाली उतरवलं. माणिकरावांनी ते परत चढवायला लावलं. इथंच तिनं नाही म्हणायला हवं होतं. ती पोरांना रोज हेच शिकवायची, वजन जड वाटलं की लाज सोडा आणि खाली उतरा. पण तिकडं सहा हजार माणसं मांडवात आभाळाकडं बघत बसली होती, आणि तिला लाज सोडवली नाही.

धावपट्टी संपता संपता चाकं सुटली. टोकाच्या बाभळी पोटाखालून गेल्या तेव्हा माणिकराव म्हणाले, "मस्त चालवतं व पोरी." त्यांना काय कळणार! पुढं अर्धा तास विमान रडत-रखडत चढत होतं.

गाव दिसलं. डोंगरावरून गरम वारं सुटलं होतं आणि ते उतारानं खाली कोसळत होतं. प्रेरणानं इंजिन पूर्ण रेटलं तरी विमान खालीच चाललं. समोर मांडव, त्यावर भगव्या पताका, त्याखाली माणसंच माणसं. माणिकरावांनी भक्तिभावानं एक मूठ बाहेर टाकली. वाऱ्यानं ती आत फेकली, आणि ओल्या पाकळ्या काचेला, तिच्या गालाला, डोळ्याला चिकटल्या. त्यातच भोंगा वाजायला लागला. पंखांची पकड सुटत आली की तो वाजतो.

"माणिकबाबा, पोती बाहेर ढकला. सगळी."

"मांडव तं येऊ दे."

"मांडवावर पडू आपण. ढकला."

त्यांनी मांडीवरचं पोतं लेकरासारखं कवटाळलं. मांडव तोंडाशी आला तशी तिनं विमान नाल्याच्या बाजूला वळवलं, जिथं मरायचंच झालं तर दोघंच मेली असती. मग एका हातानं त्यांच्या मांडीवरचं पोतं ओढून बाहेर लोटलं. माणिकराव तोवर विठ्ठल विठ्ठल करत होते आणि त्यांचं धोतर ओलं झालं होतं, फुलांच्या पाण्यानं नव्हे. "बाकीची टाका, नाही तं मरू," ती ओरडली, तेव्हा मात्र त्यांनी मागची दोन्ही पोती अशी भिरकावली की विशीतल्या गड्यानं बघत राहावं. भोंगा थांबला. नाल्याच्या पलीकडं, चढावर, विमान हळूहळू वर आलं.

फुलं पडली ती नाल्याकाठच्या मसणवट्यात. सहा हजार माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी प्रेरणा गावात आली तेव्हा पंगती उठत होत्या. कुणी तिला या-बस म्हटलं नाही. देवाची फुलं मढ्यायले वाहिली, असं एक म्हातारी तिला ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हणाली. माणिकराव ओट्यावर बसले होते, नवं कोरं धोतर नेसून.

"बाबा, तुमी होते संग. तुमीच सांगा काय झालं," प्रेरणा म्हणाली.

माणिकरावांनी आधी लोकांकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"भेली पोट्टी. हात कापत होते तिचे. म्या धीर देल्ला म्हणून खाली तं आलो."

माना डोलल्या. गावाला हेच हवं होतं, आणि एवढ्या दिवसांनी ते फुकटात मिळालं होतं.

"खोटं बोलून राह्यले हे," प्रेरणा म्हणाली, पण तेवढ्यात बनाबाई बायांमधून पुढं आली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं आधी सगळ्यांना हात जोडले.

"लेकरू हाय, चुकलं. पदरात घ्या," ती म्हणाली आणि लेकीच्या मानेवर हात ठेवून तिला खाली दाबलं. "पड पाया. माफी माग बाबाची."

आईचा हात गार होता, बोटांना अजून झेंडूचा वास होता. प्रेरणा वाकली. तिनं माफी मागितली. तिला लाज वाटली नाही, रडूही आलं नाही. राग आला, आणि तो माणिकरावांचा नव्हता, आईचा होता.