आंबेहळदीचा लेप
सुनेनं आज सहाणेवर आंबेहळद उगाळली, आणि त्या वासासरशी गोंदियातल्या बिडी कारखान्याच्या आवारातली आमची खोली डोळ्यांसमोर आली. इंग्रजांचं राज्य होतं. कारखान्याच्या शेठनं आमच्या यांना ठेवलं होतं ते कारखान्याच्या संघातून फुटबॉल खेळायला. पगार, खोली, सगळं त्या पायांच्या जिवावर. त्या दिवशी खेळताना यांचा घोटा मुरगळला आणि टम्म सुजला. मी गरम लेप लावत होते, तेवढ्यात बाहेर शेठच्या जोड्यांची करकर ऐकू आली. यांनी घाईघाईनं लेप पुसला, धोतर खाली ओढलं. "पुसून काऊन राह्यले?" मी विचारलं. "चूप राय. लंगडा दिसलो तं खोली जाईल." शेठ दारातच थांबले. "लगी तो नहीं ना? कूद के बता." हे हसत उठले आणि त्याच पायावर उडी मारली. "शाबास! इतवार को खेलना है," म्हणत शेठ वळले. हे भिंत धरून खाली बसले, पण करकर फाटकापलीकडे जाईपर्यंत कण्हले नाहीत. तो घोटा पुन्हा कधी नीट टेकला नाही, आणि पावसाळ्याआधी खोलीही गेली. आज पाय माझा मुरगळलाय. सून लेप लावताना विचारते, "दुखते का?" आणि मी दाराकडे बघत म्हणते, "नाही."