अजून शनिवारच आहे

"तुझा येशू तिसऱ्या दिवशी उठला ना? मग तुझा काका का नाही उठला? विचार की त्यालाच! आहे हिंमत?"

परवा डब्याच्या सुट्टीत गार्गी हे म्हणाली आणि केतकीने तिला टाळी दिली. अख्ख्या नववी ब समोर! आणि मी, जेमिमा भिंगारदिवे, वक्तृत्वाची ढाल आणलेली मुलगी, तोंड उघडं ठेवून उभी. वर त्या दोघी उद्या ईस्टरला येणार आहेत. पहाटेची उपासना कबरस्तानात असते आणि तिथे मी साक्ष देणार आहे, म्हणजे मी विश्वास का ठेवते ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार. या म्हणून मीच सांगितलं त्यांना. हौस!

घरीही तेच. शद्रक काका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेला. "तो वाचावा म्हणून रात्रभर गुडघे टेकून प्रार्थना केली मी," पप्पा म्हणतात. "मिळालं उत्तर. पुरे आता." तेव्हापासून ते चर्चमध्ये पाऊल टाकत नाहीत. काकाच्या कबरीवर क्रूसही लावू देत नाहीत. नाव नाही, गाव नाही. मातीच्या कबरींच्या रांगेत मम्मी आणि मी अंदाजाने एक कबर धरतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी तिच्या कडेच्या विटांना चुना देतो. सगळेच आपापल्या कबरींना देतात. आज तेही राहिलं. सकाळी पप्पांशी वाद घातला, हरले, रडले. आता भर दुपारी लाइट गेलीय आणि मी हॉलमध्ये फरशीवर आडवी पडलेय. पंखा थांबत चाललाय. थांबता थांबता टकटक वाजतोय.

पंखा नाही. बाक वाजतोय. वर्गात शेवटच्या बाकावर शद्रक काका बसलाय आणि चर्चमध्ये भजनाला तबला वाजवायचा तसा बाक वाजवतोय.

"काका! तू नववी ब मध्ये?"

"बाक बरा बोलतो गं तुमचा. जाड झालीस जेमे."

"मेलेल्या माणसाने असं बोलू नये."

"बरं."

मी वेळ घालवत नाही. कधी जाग येईल काय सांगावं. "काका, तू का नाही उठलास?"

तो उठून फळ्याकडे जातो. फळा पांढरा होतोय, ओला पांढरा. काका कुंचा फिरवतोय, आणि फळा म्हणजे विटांची कड आहे, आणि आम्ही दोघं कबरस्तानात उकिडवे बसलोय. माझ्या गणवेशावर चुना उडतो.

"कोण विचारतंय?"

"गार्गी."

"आणि तू?"

"मी पण." हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मम्मीलासुद्धा.

"आज वार कोणता?"

"काका, प्लीज! शनिवार."

"मग? अजून शनिवारच आहे, जेमे. तिसरा दिवस उजाडायचाय."

"हे काय उत्तर आहे? गार्गी पोट धरून हसेल! मला पुरावा दे, एक तरी. रिकामी कबर, शिष्य, सगळे मुद्दे पाठ आहेत माझे. तरी ती एक प्रश्न विचारते आणि मी हरते. पप्पांपुढे हरते. जिथे तिथे हरते!"

"तुझ्या पप्पापुढे मीही कधी जिंकलो नाही. कॅरममध्येसुद्धा."

असा राग येतो की रडूच येतं. एवढं विचारतेय आणि याला कॅरम सुचतोय! "निदान विटा तरी नीट रंगव," मी म्हणते. "आमची कबर आहे ती."

"छे! तुम्ही मायलेकी रंगवता ती पलीकडची. सालोमीबाई पाटोळ्यांची. खूश आहे म्हातारी तुमच्यावर."

"म्हणजे मागच्या ईस्टरला आम्ही..."

"माझी ही, चिंचेखालची. दादाला विचार. तो नाही चुकत."

"पप्पा इथे येतच नाहीत!"

मी ओरडते ती आमच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर चुन्याची बादली आहे, खिडकीतून चिंच आत वाकलीय. काका ओला हात माझ्या कपाळावर ठेवतो. किती गार. मी म्हणते, बोल ना, बोल ना रे, आणि पंखा गरगर फिरायला लागतो.

लाइट आलीय. मी फरशीवरच आहे, पण डोक्याखाली कोणीतरी उशी सरकवलीय. कपाळ ताणल्यासारखं वाटतं म्हणून हात लावते, तर बोटांना पांढरी भुकटी. आरशात बघते. चुना. चार बोटांचा पुसट ठसा.

आतून मम्मीचा आवाज येतो. "एवढ्या उन्हात कुठे गेला होता?"

"इथेच. पोर रडून झोपली होती, ताप आहे का बघितलं."

मी दारात जाऊन उभी राहते. पप्पा मोरीत हात धुतायत. पाणी पांढरं वाहतंय. मम्मी त्या पाण्याकडे बघते, मग माझ्या कपाळाकडे. आयुष्यात पहिल्यांदा पप्पांना गप्प करणारा मुद्दा माझ्याकडे आहे, चक्क कपाळावर. जिभेवर आलेला असतो. मी तो गिळते.

"मम्मी, पप्पा, मी ठरवलंय," मी म्हणते. "उद्या मी साक्ष देणार. पाठ केलेलं काही बोलणार नाही. काका उठला नाही, याचा मला भयंकर राग येतो, आणि तरी मी येशूला सोडत नाही, एवढंच सांगणार. गार्गीला हसायचं तर हसू दे. आणि पप्पा, आत चला म्हणून तुमच्या मागे लागणार नाही. मला सोडा आणि तुम्ही कबरस्तानाबाहेरच थांबा. फक्त स्कूटर चिंचेच्या बाजूला लावा. तिथे ऐकू येईल."