गुरुवारची छत्री

छत्री घेताना माणूस आधी पाऊस पाहतो, मग किंमत. मी आधी डिकी पाहिली. आमच्या लहान गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे. टाकीच्या पुढे जी जागा उरते, तीत घडीच्या दोन खुर्च्या, गळाच्या काठ्यांची पिशवी आणि डबा जातो. त्यानंतर जे मावेल तेच आमचे छप्पर, एवढे मी ठरवून टाकले होते.

हे छप्पर माझ्यासाठी नव्हते. मी भिजलो तर कोणाची हरकत नसते. गेल्या पावसाळ्यात पत्नीला न्यूमोनिया झाला. ती घरी परतली, पण डॉक्टरांनी भिजण्याची मनाई कायमची केली. त्यानंतर ती माझ्याबरोबर पाण्यावर आली नव्हती. मी एकटा दोनदा गेलो आणि लवकर परतलो. मासे नव्हते, असे घरी सांगितले.

आमच्या भागातले कारखाने गुरुवारी बंद असतात. मी भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे बनवायच्या विभागात, नोकरी केली. इतरांचा रविवार तो आमचा गुरुवार. पत्नी गुरुवार पाळते. त्या दिवशी आमच्या घरात मासा शिजत नाही, आणि गुरुवारी धरलेला मासा शुक्रवारी शिजवणे हीसुद्धा तिला पळवाट वाटते. त्यामुळे मासे धरण्याचा आणि मासे न खाण्याचा वार आमच्या संसारात एकच राहिला. मित्र हसत. आम्ही कामाची वाटणी करून घेतली होती: मासा मी काढायचा, पाण्यात तिने सोडायचा. ती तो दोन्ही हातांत धरून पाण्याखाली तसाच ठेवी. त्याची शेपटी हलू लागली की हात उघडी. निवृत्त झाल्यावर सगळे वार मोकळे झाले, तरी आम्ही वार बदलला नाही.

दसरा झाल्यावर तिने विषय काढला. मुलगा जेवत होता.

"एखाद्या गुरुवारी मी येते म्हणते."

"आई, पाऊस गेलेला नाही," मुलगा म्हणाला. "परवाच मोशीच्या चौकात गाड्या पाण्यात उभ्या होत्या."

"मी काय मिठाची आहे विरघळायला?"

"मागच्या वर्षी ऑक्सिजनवर होतीस."

तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. नंतर तोच म्हणाला, "गाडीत बसून बघ ना नदी."

"गाडीत बसून बघायची तर टीव्ही काय वाईट आहे? चहासुद्धा गरम मिळतो."

मुलाने हात धुतले, पुसले आणि निकाल दिला. "एकदा जा. कोरडी परत आलीस तर मी पुन्हा काही म्हणणार नाही. भिजलीस तर नदी बंद. बाबा, तुम्हालाही सांगतोय." बोलण्याची ही रीत त्याने माझ्याकडून घेतली आहे, तक्रार करायला जागा नव्हती.

परतीचा पाऊस सांगून येत नाही. आभाळ निरभ्र असते, डोंगरामागून एक काळी कड वर येते, आणि चहाचा पेला खाली ठेवेपर्यंत पाणी अंगावर असते. म्हणून छप्पर झटकन उभे राहिले पाहिजे, वाऱ्याकडे कलते केले तर टिकले पाहिजे आणि डिकीत मावले पाहिजे. या तीन अटींवर मी शोध सुरू केला.

पहिला आला तो आपोआप उघडणारा तंबू. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी त्याचा पट्टा सोडला. तो हातातून उसळला आणि एका स्कूटरवर जाऊन बसला.

"आयला, काका!" आमचा वॉचमन परभणीकडचा आहे. "खुराड्यातनं कोंबडं सुटल्यावानी सुटलं की हे!"

उघडण्यात त्याला तोड नव्हती. मिटायला मात्र तो तयार होईना. मी एक बाजू दाबली की दुसरी उठे. वॉचमनने गुडघा लावला, मी खांदा लावला. पत्नी वर गॅलरीत उभी होती.

"अहो, आत बसून मिटतो का बघा!"

"वैनी, काका आत घावले तर भायेर कोन काढंल?" वॉचमन म्हणाला.

तंबू परत गेला.

मग भाजीवाल्यांची मोठी छत्री पाहिली. लोखंडी काड्या, जाड कापड. वस्तू म्हणून तिच्यात खोट नव्हती. गाडीत मात्र ती पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत आडवी झाली आणि तिचे टोक पत्नीच्या कानाशी आले. ती म्हणाली, "ही न्यायची असेल तर मला घरी ठेवावं लागेल."

शेवटी मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून दोन छत्र्या पसंतीसाठी आणल्या. दोन्हींचा दांडा दोन तुकड्यांत सुटणारा, माथा हवा तसा कलता होणारा, पाठीमागे जमिनीपर्यंत उतरणारा कापडी पडदा. मिटल्यावर दोन्ही डिकीत मावत होत्या. एक पोलादी काड्यांची, जड. दुसरी फायबरच्या काड्यांची, हलकी. माझा कौल जड छत्रीला होता. वाऱ्यापुढे वजनच टिकते, हे मी आयुष्यभर पाहिलेले आहे.

पत्नीने जड छत्री एका हाताने उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मग हलकी उचलली. ती डोक्यावर धरून पार्किंगच्या गल्लीतून भिंतीपर्यंत चालत गेली आणि परत आली. वाटेत दोनदा खाली बसली, उठली.

"ही घ्या."

"उडेल."

"दगड काय कमी पडलेत का तिकडे? दांड्याला अडकवायला पिशवी शिवून देते. दगड तिथले भरा, तिथेच ओता."

छत्री ही बसण्याची वस्तू आहे. ती घेऊन चालून काय पाहायचे, हे मला कळले नाही. मी विचारले नाही. पिशवीचा मुद्दा बरोबर होता, म्हणून मान्य केले. तिने जुन्या रेनकोटाची पिशवी शिवली, कडेला दुहेरी टीप घातली.

प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बदलताना एक शिस्त असते. लागणारी प्रत्येक वस्तू मशीन चालू असतानाच हाताशी, वापराच्या क्रमाने मांडून ठेवायची. मशीन थांबल्यावर शोधाशोध करणारा माणूस कामाचा नाही. मी छत्रीच्या सांध्यांवर पिवळ्या रंगाच्या खुणा केल्या आणि रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये सराव केला. दांडा, माथा, कल, पडदा, पिशवी. पत्नी खुर्चीवर बसून राही. छत्री तिच्याभोवती उभी करायची, तिला उठवायचे नाही, असा माझा नियम होता. आठवड्याच्या शेवटी हात न पाहता चालू लागले.

गुरुवारी सकाळी निघालो. सुट्टीमुळे चाकणच्या रस्त्यावर कंटेनर कमी होते. कारखान्यांच्या फाटकांवर शांतता होती; शेडच्या लांब पत्र्यांवर ऊन पडले होते. चाकण मागे टाकून भामा नदीच्या धरणाच्या फुगवट्याकडे वळलो. गाडी वरच्या मातीच्या रस्त्यावर ठेवली. उतार हळूहळू उतरलो. ती माझ्या हाताला धरून चालली नाही, पण जवळून चालली.

पाणी काठोकाठ होते. त्याच्या खाली जुन्या शेतांचे बांध आहेत. पाणी निवळ असले की दिसतात. त्या दिवशी दिसत होते. माणसे नांगर घेऊन नुकतीच घरी गेली असावीत आणि मागून पाणी आले असावे, इतके ते नीटनेटके होते. मी गळाला कणकेचा गोळा लावला. दोरीला बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर तरंगत उभी राहिली; ती बुडाली की मासा लागला. छत्रीच्या दांड्याचे टोक मुरमात रोवून पाहिले, ते बोटभरच शिरले. पिशवी दगडांनी भरून शेजारी ठेवली. बाकीचे सामान क्रमाने मांडले.

काळी कड दुपारी आली. आधी पलीकडचा डोंगर गेला, मग पलीकडचा काठ. पावसाची रेघ पाण्यावरून चालत येताना दिसत होती. मी उठलो. दांडा, माथा, कल, पडदा, पिशवी. पहिले थेंब कापडावर पडले तेव्हा ती आत कोरडी बसलेली होती आणि मी खुर्चीत टेकत होतो.

"कंपनीत असं पळाला असतात तर मॅनेजर झाला असतात," ती म्हणाली.

वीज असती तर छत्री मिटून तिला गाडीत नेले असते. तेही आधी ठरले होते. वीज नव्हती. नुसता पाऊस होता.

ताणलेल्या कापडावर पडणाऱ्या पावसाचा आवाज आत बसल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला तो प्रेस शॉपसारखा होता. मग कान त्याला सरावले. बुधवारी संध्याकाळी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, शेडमधली यंत्रे एकेक करून बंद होत जात. शेवटच्या यंत्रानंतर जी शांतता उतरे ती आवाजाच्याच आकाराची असे. पावसाच्या आत मला तीच ऐकू येऊ लागली. पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली गेली होती. मोरपिसाची काडी कशातही न रोवता अधांतरी उभी होती. बांधांवरून कोणी चालत असावे असे एकदा वाटले. ते पाण्यावरचे वर्तुळ होते. आम्ही किती वेळ तसे बसलो, सांगता येणार नाही. ती शेजारी आहे हे मी पाहत नव्हतो. श्वास ऐकत होतो. तो सरळ चालत होता. घरघर नव्हती.

काडी पाण्याखाली गेली.

मी रेनकोटात होतो. बाहेर पडून काठी उचलली. मासा जड होता. बांधाच्या बाजूला ओढ घेत राहिला. शेवटी हातजाळीत आला तेव्हा मी काठावर गुडघाभर पाण्यात उभा होतो. चांगला कटला, रुंद पाठीचा. मागे वळलो तर ती खुर्चीतून उठलेली.

"बस खाली!" मी ओरडलो.

"मासा कोण सोडणार?"

"मी सोडतो."

"तुम्ही सोडत नाही. फेकता."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी खुर्चीचे माप घेतले होते, वाऱ्याचे घेतले होते, डिकीचे घेतले होते. खुर्चीपासून पाण्यापर्यंतच्या उताराचे माप माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. तिने ते पार्किंगमध्येच चालून घेतले होते.

तिने दांड्याची पिशवी काढून खाली ठेवली. दांडा मुरमातून उपटला. हिरवी छत्री जमिनीवरून उठली आणि उतारावरून खाली येऊ लागली. पडदा वाऱ्याकडे होता. माणूस दिसत नव्हता. कापडाखाली फक्त साडीची कड आणि दोन पावले दिसत होती, सपाट खडक शोधत, एकेक करून. अशी एक छत्री मी स्वप्नात पाहिली असती तर सकाळी कोणाला सांगितली नसती.

ती माझ्यापर्यंत आली आणि छत्री आम्हा दोघांवर झाली. मी दांडा धरला. ती खडकावर बसली, मासा घेतला, दोन्ही हात पाण्याखाली नेले. लाट तिच्या घोट्यांपर्यंत येऊन गेली. तिने हात उघडले. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग बांधांच्या दिशेने गेला. ती हात मात्र पाण्यातच ठेवून बसली. मी तिच्याकडे पाहिले नाही. दांडा सरळ धरणे आवश्यक होते.

घरी पोचलो तेव्हा मुलगा दारात होता. त्याने आधी आईच्या खांद्यावर हात ठेवला. मग पदर चाचपला, मग केस. नजर खाली गेली.

"ही कड ओली आहे."

"ते खालचं पाणी आहे," ती म्हणाली. "वरचं नाही. तू वरच्याबद्दल बोलला होतास."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी बूट काढत होतो. साक्ष मागितली असती तर दिली असती.

तो दारातून बाजूला झाला. "कोरडी साडी नेस आधी," एवढे म्हणाला. मग माझ्या हातातली मिटलेली छत्री घेऊन गॅलरीत गेला. तिथून दांडा जोडल्याचा आवाज आला, मग काड्या ताणल्याचा. गॅलरी छत्रीने भरून गेली आणि घरात हिरवट उजेड आला. ओली छत्री मिटून ठेवली की कापडाला बुरशी धरते. हे मी त्याला कधी सांगितले नव्हते.